चहात बुडवलेलं धोतर

बेंगळूरच्या रंगारी घराण्यात जन्मलेल्या विठोजीकाकांनी आयुष्यभर एकच रंग जपला, तो चहाचा. आमचे आजे-पणजे लुगडी रंगवायचे. काका मात्र शिवाजीनगरच्या मागे एका पत्र्याच्या शेडमध्ये दिवे हलवायचे. त्या शेडला सगळे स्टुडिओ म्हणत. थिएटरात सिनेमाच्या आधी दाखवतात त्या जाहिराती तिथं निघत. बिस्किटं, केसांचं तेल, दंतमंजन, सगळं काळं-पांढरं.

कॅमेऱ्याची एक खोड असते. झगझगीत दिव्याखाली शुभ्र कापड धरलं की फिल्मवर नुसता उजेडाचा गोळा उमटतो, ना चुणी दिसते ना काठ. म्हणून कापड आधी पातळ चहात बुडवायचं. डोळ्यांना ते मळकट दिसतं, पण मागे काळं कापड लावून बाजूनं दिवा मारला की थिएटरात तेच दुधासारखं दिसतं. किती चहा आणि किती वेळ, हे काकांइतकं कुणालाच जमत नसे. ते घरी करून बघत आणि बिघडलेली धोतरं स्वतः नेसत. वर काकूची पिठाची चाळणही पळवत. कॅमेऱ्यापुढे तिची बारीक जाळी धरली की बाटलीवरच्या चमकेला किरण फुटतात म्हणे. एका वर्षात काकूनं तीन चाळण्या विकत घेतल्या.

आणि आमची गोजराकाकू म्हणजे स्वच्छतेचा कहर. तिच्या दोरीवरचे कपडे बघून लोक तिचं घर ओळखत. तिचाच नवरा चहाच्या रंगाचं धोतर नेसून गल्लीतून फिरायचा! एका हळदीकुंकवाला समोरच्या जमनाबाईंनी (ही बाई मला कधीच आवडली नाही) भर बायकांत विचारलं, "गोजराक्का, साबण संपलाय का घरात? आमच्याकडचा न्या की स्वल्प."

त्या दिवसापासून काकूनं हळदीकुंकवाला जाणं सोडलं. चार महिने झाले. मी टेलिफोन एक्स्चेंजमधून घरी यायची तेव्हा ती मागीलदारी एकटी बसलेली असे. मला फार वाईट वाटायचं, आणि काकांचा रागही यायचा. काका समजवायला जात, "अगं, पडद्यावर ते पांढरंच दिसतं." काकू म्हणे, "मी पडद्यावर राहत नाही, गल्लीत राहते." तिनं त्यांची एकही जाहिरात पाहिली नव्हती. काका "सरी, सरी, बरं बाई" म्हणत पुन्हा चहा ढवळायला जात.

बासष्ट साली स्टुडिओत साबणाची जाहिरात आली. साबणवाले गुरुराज कडक माणूस. काकांनी तीन दिवस खपून एक धोतर अगदी नेमक्या छटेवर आणलं आणि गाठोड्यात बांधून ठेवलं. काकूनं ते पाहिलं आणि तिचं डोकंच फिरलं. साबणाच्या जाहिरातीला माझ्या घरातून असलं धोतर जाणार? पहाटे उठून तिनं ते सोड्यात उकळलं, दगडावर आपटलं, नीळ दिली, खळ दिली, इस्त्री केली आणि होतं तसं बांधून ठेवलं. काका कामावर गेल्यावर साऱ्या गल्लीला सांगून आली, "माझ्या हातचं धोतर थिएटरात येणार."

"पोरी, गाठोडं सोडलं आणि डोळेच दिपले बघ," काका नंतर मला म्हणाले. कॅमेरामन मल्लाप्पानं कपाळाला हात लावला. पुन्हा बुडवून वाळवायला वेळ नव्हता. बायकोनं घोळ केला, असं काका म्हणू शकले असते. ते तसलं कधी बोलले नाहीत. गुरुराज बाहेर कॉफी घेत होते तेवढ्यात काका काळ्या कापडामागे गेले, अंगावरचं जुनं, चहाच्या रंगाचं धोतर फेडून दोरीवर टांगलं आणि काकूनं धुतलेलं स्वतः नेसले.

संध्याकाळी त्यांना शुभ्र धोतरात घरी आलेलं पाहून काकू हरखली. तिला वाटलं, काम झाल्यावर तेच नेसून आले. खरं सांगायचा काकांना धीर झाला नाही.

महिन्यानं जाहिरात लागली. काकूनं जमनाबाईंना हाताला धरून दुपारच्या खेळाला नेलं, काका आणि मीही बरोबर होतो. आदल्या दिवशी काकांनी मला सगळं सांगितलं होतं, त्यामुळे माझा जीव टांगणीला. काकूला खरं कळलं तर तिथंच, जमनाबाईंच्या देखत, तिचा चेहरा पडणार होता.

दिवे गेले. पडद्यावर धोतर पंख्याच्या वाऱ्यानं फुगलं. एकेक चुणी वेगळी दिसत होती, आणि इतकं पांढरं की थिएटरात लोक "आहा" म्हणाले. मग वाऱ्यानं कोपरा उलटला. त्यावर चौकोनी ठिगळ होतं, काकूच्या हातचं. मी ते ओळखलं. काकूचा माझ्या मनगटावरचा हात घट्ट झाला.

"अगं बाई!" जमनाबाई म्हणाल्या. "काय पांढरं हो गोजराक्का! कशात धुतलंत?"

काकूनं पलीकडे पाहिलं. काका तिनं धुतलेल्या धोतरात मान खाली घालून बसले होते. मग ती जमनाबाईंकडे वळली.

"चहात," ती म्हणाली.

जमनाबाई खो खो हसल्या. काकू हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले, तर चुलीवर मोठं पातेलं चढलेलं आणि शेजारी कोरं धोतर. काका दारात उभे होते, आत यावं की नाही असे.

"किती वेळ बुडवायचं ते सांगा," काकू वर न बघता म्हणाली. "आणि बिघडलेली नेसा खुशाल. पण इस्त्री मी केल्याशिवाय बाहेर पडायचं नाही."