गोळीबाईंची दुसरी गोळी

गोळीबाई रोग्याच्या हातावर गोळी टेकवून कधी निघून गेल्या नाहीत. पाण्याचा गिलास घेऊन समोर उभ्या राहत आणि गिळल्यावर म्हणत, "जीभ वर कर." एटापल्ली तालुक्यातल्या उपकेंद्रात त्या नर्स होत्या. क्षयाच्या एका रोग्याची औषधे घरातले सगळे वाटून खातात, हे त्यांना ठाऊक होते. "बाई, तोंडात वाघ लपला का माह्या?" एका म्हाताऱ्याने विचारले होते. "वाघ नाई, गोळी लपली. गिळ."

निवृत्तीनंतर त्या नागभीडला दोन खोल्यांत एकट्या राहत. शेजारची खोली माझी. विजेचे मीटर बघायला आलेल्या माणसालाही त्या बसवून घेत आणि त्याचा रक्तदाब तपासत. तेवढीच अर्धा तास सोबत.

यकृताचा कर्करोग निघाला तेव्हा नागपूरच्या एका रुग्णालयात नव्या उपचाराची चाचणी सुरू होती. काही रोग्यांना एक गोळी, काहींना दोन. बाईंना दोन मिळाल्या. डॉक्टरांनी सांगितलेले त्यांनी मला असे सांगितले : "धानाच्या बांधीत उंदराच्या बिळाले दोन तोंडं असतात, भाऊ. ही गाठ साखरेवर जगते. पहिली गोळी ते तोंड बुजवते. मंग गाठ दुसरं खाणं शोधते. दुसरी गोळी ते बुजवते."

दर महिन्याला मी त्यांना एसटीने नागपूरला नेई. चार महिन्यांत गाठ थोडी आकसली. पाचव्या खेपेला बाईंनी डॉक्टरांना आपणहून सांगितले की दोन महिन्यांपासून दुसरी गोळी त्या एक दिवसाआड घेत होत्या. उरलेल्या गोळ्या वरोऱ्याच्या एका बाईला देत होत्या. तिला एकच गोळी मिळाली होती. दोघींची नावे चाचणीतून कमी झाली. नव्या गोळ्या बंद झाल्या, नेहमीचे उपचार सुरू झाले.

परतताना मी विचारले, "सांगितलं काऊन? कोणाला कळलं नसतं."

"कागदावर खोटं चढलं असतं. उद्या त्याच कागदावरून हजारो लोकायले औषध देतीन."

"मग दिली काऊन?"

नागभीडच्या स्टँडवर उतरल्यावर त्या म्हणाल्या, "दोघींलेही पुरती भेटली नाई. चुकलीच मी. पण तपासणीच्या दिवशी सकाळपासून आम्ही एका बाकावर बसत होतो. ती डब्यात भाकर आणे, मी लोणचं. ती गेली असती त त्या बाकावर मी एकटीच राह्यली असती."

वरोऱ्याची बाई पावसाळ्यात गेली. गोळीबाई त्यानंतर अकरा आठवड्यांनी.

तपासणीच्या दिवशी बाईंना आत त्या बाकावर सोडून मी रुग्णालयासमोरच्या चहाच्या टपरीवर पेपर वाचत बसत असे. पाचही वेळा.