कादंबऱ्यांमागचा पासपोर्ट

ये, या पत्रातच जवळ सरक. शारजाहून इथे दुबईत, अल बर्शाला यायला इतके महिने लागतात होय गं? नुसती फोनवर फुलं पाठवतेस! असो. आज लिहितेय ते कुणालाच सांगितलेलं नाही. यांनाही नाही — आणि आता तर हे नाहीतच.

परवा ईराने, माझ्या नातीने, लॅपटॉप पुढ्यात ठेवला. अमेरिकन साहित्याची वैशिष्ट्यं लिहायची होती. "आजी, टेल मी. बट शॉर्ट, प्लीज!" मी सातवी शिकलेली. पण दर सुट्टीला पुण्याहून मराठीत आलेल्या अमेरिकन कादंबऱ्या आणायचे, ठाऊक आहे ना तुला? बॅगेचं वजन वाढलं तर पापड काढायचे, पुस्तकं नाही.

मग काय, सुटले. म्हटलं, तिथला माणूस आधी घर सोडतो. नदीने, रस्त्याने, रानात — निघतोच. बापाचं नाव टाकून स्वतःला नव्याने घडवतो. मोठं स्वप्न बघतो, आणि ते हाती आलं की एकटा पडतो. आणि त्या घरांच्या पायाखाली, बाळा, जुनं पाप असतं. विकलेली माणसं असतात. वर राहणारे त्याबद्दल बोलत नाहीत.

"आई, माझ्याऐवजी तुलाच पाठवायला हवं होतं," अनघा ओट्यापाशी हसत म्हणाली. अनघा — माझी मुलगी, ईराची आई.

मी मेथी निवडत राहिले.

हेच शिकायला ती निघाली होती गं. अमेरिकेत प्रवेश मिळालेला, व्हिसाच्या इंटरव्ह्यूची तारीख लागलेली. तेव्हा इथला व्हिसा पासपोर्टवर चिकटवायचे, म्हणून पासपोर्ट कंपनीच्या पीआरओकडे, व्हिसाची कामं करणाऱ्या माणसाकडे, जायचे, आठवतंय? यांचा गेला होता. मी म्हटलं, अनघाचाही सोबत गेला. पीआरओ ईदला जोडून केरळला गेलेला — विचारणार कुणाला? हे म्हणाले, "खलास. आता तो आल्यावरच."

पासपोर्ट शेल्फवर होता. त्याच कादंबऱ्यांच्या मागे. मी ठेवला होता.

तारीख गेली. पुढची मिळेपर्यंत तिकडे वर्ग सुरू झाले, जागा गेली. पोरगी दोन दिवस जेवली नाही. मी ताट वाढत होते, झाकत होते. मग एक दिवस पासपोर्ट तिच्या हातात दिला — "आला बघ." तिने मला थँक्यू म्हटलं.

का केलं? ती पुस्तकं वाचूनच मला कळलं होतं, निघालेला माणूस परत येत नाही. पानावर मला तो आवडायचा. माझ्या दारातून जाताना — नाही. बस, एवढंच. याला मी माया म्हणणार नाही.

आता ती इन्व्हेस्टमेंट्स पार्कात, त्या कारखान्यांच्या वसाहतीत, एका फॅक्टरीची बिलं बघते. संध्याकाळी येते, माझे पाय चेपते. मला रडू येत नाही. परवाही आलं नाही. एवढ्या वर्षांत आत काहीतरी बधिर झालंय, दाबून बघितलं तरी दुखत नाही.

ईराच्या निबंधात अनघाने शेवटी एक ओळ घालायला लावली — हे सगळं माझ्या आजीने शिकवलं. ती ओळ वाचली, आणि हे लिहायला बसले.

शुक्रवारी अनघा अर्धा दिवस काम करून घरी येते. तेव्हा तिला सांगणार आहे.

तू शनिवारी ये. ट्रॅफिकचं कारण नको. दार उघडायला ती नसलीच, तर मी उघडेन.