बावीस रकान्यांची रायफल

टेक्सासमधल्या आमच्या शुगर लँडच्या तीन मराठी घरांचं एक बरं आहे, कुणी काही विकत घेतलं की वस्तू एक येते आणि किस्से पाच! ग्रिलचे झाले, जनरेटरचे झाले. पण रायफलचे इतके साठलेत, की एकदा सांगून टाकलेले बरे.

सुरुवात मागच्या वादळात झाली. चार दिवस लाइट नव्हती. शेजारचे शिरीषभाऊजी आमच्या ड्राइव्हवेत खुर्ची टाकून म्हणाले, "लाइट गेली तर जनरेटर आहे. पण पोलीसच पोचले नाहीत, तर काय आहे तुझ्याकडे?"

आमच्या ह्यांच्याकडे काहीच नव्हतं. ते एकदम गंभीर झाले आणि रायफल घ्यायची ठरली.

मी घाबरले ते वेगळ्याच कारणानं. माझे सासरे, आप्पा, आमच्याकडे असतात. चौऱ्याऐंशी वर्षांचे. फौजेत हवालदार होते. आता नावं विसरतात, माणसं विसरतात. ह्यांनाच कधी कधी विचारतात, "कुणाकडे आलात आपण?" आमची लेक सई तर फोनवर ओरडलीच, "बाबा, आजोबा घरात आहेत अँड यू आर बाइंग अ गन?"

शेवटी मी एकच अट घातली. रायफल तिजोरीत राहील आणि किल्ली माझ्या गळ्यात.

* * *

मग ह्यांची एक्सेल शीट तयार झाली. बावीस रकाने! वजन, लांबी, गोळीची किंमत, वॉरंटी. एक रकाना रीसेल व्हॅल्यूचासुद्धा होता.

हे आणि शिरीषभाऊजी प्रिंटआउट घेऊन दुकानात गेले. दुकानदार म्हातारा, शांत माणूस. त्यानं सगळी पानं नीट वाचली आणि विचारलं, "पण तुम्हाला मारायचंय काय?"

दोघांनी पुन्हा सगळी पानं चाळली. ह्या प्रश्नाला रकानाच नव्हता!

शेवटी हे म्हणाले, "तसं काहीच नाही."

दुकानदारानं साधी, एकेक गोळी भरायची बोल्टवाली, म्हणजे दर वेळी हातानं खटका मागे ओढायची रायफल काढून दिली. "मग ही बरी," म्हणाला.

* * *

पलीकडच्या घरातला प्रमोद नागपूरचा, अजून व्हिसावर. त्यालाही रायफल हवी झाली. चौकशी केली तर कळलं, व्हिसावाल्याला शिकारीचं लायसन्स असेल तरच जमतं.

प्रमोद अंडंसुद्धा खात नाही. केकसुद्धा विचारून खातो. पण लायसन्स काढून आला!

"वहिनी, कागदोपत्री मी शिकारी आहे," तो मला अभिमानानं म्हणाला.

त्याची बायको वर न बघताच म्हणाली, "मग बाथरूममधलं झुरळ आज तू मार."

* * *

पुढचे सहा महिने रायफल सजत होती. दुर्बीण आली, पट्टा आला, दोन पायांचा स्टँड आला, पुढे लावायचा टॉर्च आला. ह्यांचा उजवा खांदा आधीच आखडलेला. ती उचलली की "आई गं!"

ह्या उन्हाळ्यात पुन्हा वादळ आलं, पुन्हा लाइट गेली आणि जनरेटरही रुसला. मी तिजोरी उघडली, तो टॉर्च काढला आणि त्याच्या उजेडात सगळ्यांची खिचडी केली. टॉर्च खरंच चांगला आहे.

* * *

दसऱ्याला मी शस्त्रपूजा केली. एरवी लॅपटॉप आणि गाडीची करतो, पण यंदा घरात खरंखुरं शस्त्र होतं. मनोभावे हळदकुंकू वाहिलं. कुंकवाचं एक बोट नेमकं दुर्बिणीच्या काचेवर टेकवलं.

रविवारी हे, शिरीषभाऊजी आणि प्रमोद नेमबाजीच्या रेंजवर गेले. हे डोळा लावून म्हणाले, "काहीतरी बिघडलंय. सगळं लाल दिसतंय."

शिरीषभाऊजींनी वाकून बघितलं. "बिघडलं नाही रे! सगळी टार्गेटं सौभाग्यवती झालीत!"

* * *

त्याच दुपारी तिघं परत आले आणि रायफल पुसायला डायनिंग टेबलावर ठेवली. मी पोह्यांच्या बश्या मांडत होते. तेवढ्यात आप्पा खोलीतून बाहेर आले आणि टेबलापाशी येऊन थांबले.

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला.

"रिकामी आहे, आप्पा," हे घाईघाईनं म्हणाले. "शिरीषनं चेक केलीय."

"मी? मला वाटलं प्रमोदनं केली," शिरीषभाऊजी म्हणाले.

प्रमोदनं पटकन पोह्यांची बशी पुढे ओढली.

"बाजूला व्हा," आप्पा म्हणाले. असा आवाज मी वीस वर्षांत ऐकला नव्हता. त्यांनी रायफल उचलली, नळी भिंतीकडे केली आणि बोल्ट मागे ओढला. एक काडतूस टण्णकन उडून पोह्यांच्या बशीत पडलं.

आप्पांनी आत वाकून बघितलं. बोट घालून बघितलं. मग बोल्टच काढून घेतला, काडतुसाला लागलेले पोहे धोतराला पुसले आणि दोन्ही माझ्या हातात ठेवले.

"सूनबाई, हे तुमच्याजवळ ठेवा."

मग त्यांनी आमच्या ह्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हा मुलगा कुणाचा?" त्यांनी मला विचारलं. "बापानं काही शिकवलं नाही वाटतं!"