आर्डिस वहिनीची चांदण्यातली शिकार

माझी वहिनी आर्डिस कुणाचं ऐकणारी बाई नाही. भाऊ गेला त्या हिवाळ्यात सगळ्यांनी सांगितलं, मेंढ्या विक आणि गावात राहायला जा. हिनं उलट आणखी मेंढ्या आणल्या.

यंदा मात्र तिचा मुलगा कर्टिस हटूनच बसला. कायोटीनं, म्हणजे आमच्याकडच्या कोल्ह्यासारख्या जनावरानं, कोकरामागून कोकरू उचललं होतं.

"आई, तुला आता धड दिसत नाही. उद्या सकाळी ट्रक येतोय, मेंढ्या जाणार."

"आणि आज रात्री मीच त्या कायोटीला लोळवला तर?"

"लोळव की! ट्रक तसाच परत पाठवतो," तो हसत म्हणाला. मला असा संताप आला! आईशी बोलायची ही रीत?

जेवणं झाल्यावर वहिनीनं बंदूक खांद्याला लावली आणि कपाटातून दोन पांढऱ्या चादरी काढल्या. बर्फात पांढरं पांघरून बसलं की जनावराला माणूस कळत नाही, आमच्या वायोमिंगात हे शेंबडं पोरही जाणतं.

"थेल्मा, येतेस की झोपतेस?"

"या वयात बर्फात बसायचं? डोकं फिरलंय तुझं!" असं म्हणत मी बूट चढवले.

चंद्र पाठीशी घेऊन आम्ही टेकाडाखाली बसलो. कायोटीला भुलवायला वहिनीनं हाताची पाठ ओठांना लावून सशाची किंकाळी काढली. थांबली. पुन्हा काढली. माझे पाय पार बधिर झाले.

तेवढ्यात कुंपणाकडून काहीतरी धावत आलं.

"मार, वहिनी! अगं मार ना!"

"गप गं. शेपूट वर आहे, कायोटीचं खाली असतं."

बघते तर कर्टिसचा कुत्रा, बस्टर! मोकळा सोडलेला, मेल्यानं. आणि त्याच्या मागोमाग, शेपूट खाली पाडून, दुसरं जनावर दबकत येत होतं. बस्टर बाजूला होईपर्यंत वहिनी थांबली. मग एकच बार. ते जागीच आडवं झालं.

सकाळी तिनं आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे तो कायोटी फाटकाशेजारी कुंपणावर उलटा टांगला आणि फाटकाला कुलूप घातलं. ट्रक आला, बस्टरला घेऊन कर्टिसही आला.

"लागला नेम नशिबानं," तो म्हणाला. "रात्री तुला काय दिसलं असणार?"

"शब्द दिलायस, ट्रक परत पाठव. आणि डोळे तपासायचेच असतील तर तुझ्या आत्याचे तपास. काल ती बस्टरला मार म्हणत होती."

"खरंय रे बाबा," मी म्हटलं. "बंदूक माझ्या हातात असती तर आज इथे तोच टांगलेला दिसला असता."

कर्टिसनं खाली वाकून बस्टरचा पट्टा घट्ट धरला आणि दुसऱ्या हातानं ड्रायव्हरला खूण केली, मागे घे.