नळाची आठवण ठेवणारं कार्ड

बसलिंगप्पा आणि मी चोवीस वर्षं एका भिंतीचे वाटेकरी आहोत. भिंतीपलीकडून ठोकण्याचा, कापण्याचा, नाहीतर "गुरुजी, जरा येता का?" असा आवाज आला नाही, असा दिवस मला आठवत नाही. मी लातूरच्या एका शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. मला दुपारी झोप येते. त्यांना येत नाही, आणि आमची सगळी भांडणं एवढ्या एका फरकातून निघतात.

मार्केट यार्डाजवळ त्यांचं बारदान्याचं, म्हणजे पोत्यांचं दुकान. तीन वर्षांपूर्वी मुलगा शिवप्रसाद म्हणाला, "अप्पा, आता आराम करा." तो बायकोला घेऊन रिंग रोडला राहायला गेला आणि या माणसाचा आराम माझ्या डोक्यावर टाकून गेला. त्यात भर म्हणून मुलगी सृष्टी, जी नांदेडच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, दिवाळीला आली ती तळहाताएवढा एक निळा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, म्हणजे यंत्रं चालवणारा छोटा संगणक, वडिलांना देऊन गेली. मग काय! कढीपत्त्याच्या कुंडीतली माती कोरडी झाली की शिट्टी मारणारं यंत्र तयार झालं. यंत्र आहे म्हणून पाणी घालायचं सगळेच विसरले. कढीपत्ता वाळला, शिट्टी चालू राहिली.

पण मला सांगायचं आहे ते नळाच्या यंत्राबद्दल.

आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही. कधी पाचव्या दिवशी, कधी आठव्या, आणि सकाळी की दुपारी हे कुणाला माहीत नसतं. म्हणून घरात एक माणूस कायम नळाला बांधलेलं. त्यांच्या घरी ते माणूस म्हणजे त्यांची बायको शांतम्मा. या नळापायी त्या दोन वर्षं धर्माबादला, धाकट्या बहिणीकडे गेल्या नव्हत्या. नवऱ्याच्या भरवशावर नळ सोडायची त्यांची तयारी नव्हती, आणि त्यात त्यांची काही चूक होती असं मी म्हणणार नाही.

यंदा बहिणीचा, रत्नम्माचा, फोन आला. तिच्या मुलीचं डोहाळजेवण माघात ठरलं होतं आणि पहिली ओटी मावशीनंच भरायची होती. फोन ठेवून शांतम्मा ओट्यावर बसून चक्क रडल्या. "नळ कवा येईल त्ये कळलं असतं तर दोन नळांच्या मधी जाऊन आले असते की ओ," म्हणाल्या.

बसलिंगप्पांना ते लागलं. तो माणूस यंत्रवेडा आहे, पण दगड नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी नळाच्या पाईपात पाणी वाहिलं की फिरणारी एक चकती बसवली आणि तिच्या तारा बोर्डाला जोडल्या. नळ किती वाजता आला, किती लिटर आला, सगळं छोट्या पडद्यावर दिसू लागलं. दोनदा नळ आला, नोंद झाली. मग एक दिवस लाईट गेली आणि परत आल्यावर पडदा कोरा.

"तुमच्यासारखंच हाय हे," शांतम्मा म्हणाल्या. "सकाळचं दुपारी ध्यानात न्हाई."

सृष्टीनं फोनवर सांगितलं, "अप्पा, बोर्डाला स्वतःची आठवण फार थोडी असते. त्याला मेमरी कार्ड जोडा." म्हणजे लाईट गेली तरी लिहिलेलं राहील. बसलिंगप्पांनी गंजगोलाईच्या बाजारातून कार्ड आणलं, ते खोचायची पट्टी कुरिअरनं मागवली, लाईट गेली तरी वेळ न विसरणारं एक छोटं घड्याळही जोडलं. विजेच्या दोन तारा सोडून पट्टीला आणखी चार. त्या मला अशा समजावल्या: "ही सांगणारी, ही ऐकणारी, ही टाळ धरणारी, आन ही चौथी म्हनती, आता तुझी पाळी. आपल्या भजनी मंडळावानी." चाळीस वर्षं शिकवून मला इतकं सोपं करून सांगता आलं नाही, याचा मला रागच आला.

मग कार्डावर ज्या फाईलीत नोंदी जाणार, तिच्या नावाचा घोळ. त्यांना 'श्री जलदेवता प्रसन्न' असं काहीतरी इंग्रजीतून हवं होतं. सृष्टी म्हणाली, आठ अक्षरांच्या वर चालत नाही. मग बायकोचं नाव ठरलं. ते इंग्रजीत नऊ अक्षरी निघालं, म्हणून शेवटचं कापलं. शांतम्मांना हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

एवढं करून चालू केलं, तर पडद्यावर एकच वाक्य: कार्ड सापडत नाही. तीन दिवस तेच. तारा बदलल्या, कार्ड नव्यानं फॉरमॅट केलं, दुसरं कार्ड आणलं. डोहाळजेवणाला सात आठवडे उरले होते. शांतम्मा भांडी जरा जास्तच आपटत होत्या आणि ते मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं.

शेवटी सृष्टीनं व्हिडिओ कॉल केला. "अप्पा, कार्ड जरा कॅमेऱ्यासमोर धरा. आता उलटं करा."

अप्पांनी उलटं केलं.

"अप्पा, हे पांढरं काय आहे?"

"विभूती."

यांच्या घरात नवं यंत्र विभूतीशिवाय सुरू होत नाही. स्कूटर, मिक्सर, शिवप्रसादचा लॅपटॉप, सगळ्यांच्या कपाळी तीन बोटं उमटलेली आहेत. कार्डाचं कपाळ कुठलं, यावर बसलिंगप्पांनी विचार केला होता. जिकडे सोन्याच्या पट्ट्या, तिकडे मुख, असं ठरवून रोज सकाळी इष्टलिंगाची पूजा झाली की ते कार्ड बाहेर काढून त्या पट्ट्यांवर ताजी विभूती ओढत आणि परत खोचत. दुसऱ्या कार्डालाही तोच मान मिळाला होता.

"अप्पा, कार्ड तिथूनच बोलतं! तुम्ही त्याच्या तोंडात राख भरताय!"

"असं व्हय?" बसलिंगप्पा म्हणाले. सृष्टीनं खोडरबर सांगितलं, ते माझ्या घरून गेलं. पट्ट्या हलक्या हातानं घासल्या, कार्ड खोचलं आणि पडद्यावर वेळ उमटली. विभूतीची जागा तेवढी चुकली होती. ती आता यंत्राच्या डब्याच्या झाकणावर गेली.

चार आठवडे कार्डानं इमानानं लिहिलं. मग आम्ही ते शिवप्रसादच्या लॅपटॉपवर उघडलं. नळ दर सहाव्या दिवशी, अकराच्या सुमारास येत होता. इतका सरळ हिशेब आमच्या नाकासमोर होता आणि आम्ही गल्लीभर शिव्या देत होतो. मी सहावा, बारावा, अठरावा असे दिवस बोटांवर मोजत गेलो आणि नेमका डोहाळजेवणाच्या गुरुवारावर येऊन थांबलो.

"मग न्हाई जात मी," शांतम्मा म्हणाल्या.

"कामून? वेळ कळली की आता! मी भरतो. गुरुजी हायेत सोबत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान डोलावली. बुधवारी त्या गेल्या.

गुरुवारी साडेदहालाच आम्ही नळाशी खुर्च्या टाकून बसलो. दहा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी चकती फिरली. "आला!" बसलिंगप्पा उभे राहिले आणि मीही. पडद्यावर लिटर चढत होते, दर मिनिटाला कार्डावर एक ओळ पडत होती, आणि ओळ पडली की एक हिरवा दिवा लुकलुकत होता. दोनशे. चारशे. आम्ही एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. बरोबर बासष्ट मिनिटांनी, सातशे त्रेचाळीस लिटरवर नळ गेला.

मग बसलिंगप्पांनी खाली पाहिलं. नळी ड्रममध्ये सोडायची राहून गेली होती. सातशे त्रेचाळीस लिटर पाणी अंगणातून गटारीला लागलं होतं, मिनिटामिनिटाच्या नोंदीसकट.

फोन करायलाच हवा होता. स्पीकर लावून त्यांनी सगळं खरं सांगितलं, मी शेजारी आहे हेही. मागे बायकांची गाणी चालली होती. शांतम्मा हसायलाच लागल्या.

"म्हंजे मी नव्हते तरी आला म्हना की नळ! आन गेला तरी कुनी मेलं न्हाई. रत्ने, माजी पिशवी खोल गं. मी आठ दिस हितंच हाय!"

फोन बंद झाला. "हसली ओ गुरुजी," बसलिंगप्पा म्हणाले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग आम्ही दोन बादल्या घेऊन माझ्या घरी गेलो, कारण तिथं माझ्या बायकोनं, सिंधूनं, एकटीनं सगळे ड्रम काठोकाठ भरून ठेवले होते.

ती दारातच उभी होती. भिंत पातळ आहे, तिनं सगळं ऐकलं होतं.

"न्या पाणी," ती मला म्हणाली. "आन त्या कार्डात बघून सांगा, फुडचा नळ कवा हाय. त्याच्या आदल्या दिवशी मी लोह्याला, माहेरी चालले."