सुई टोचल्यावर बोलायचं नाही

ज्या खोलीत बोलायला बंदी, तिथले किस्से संपता संपत नाहीत. जळगावच्या त्या दवाखान्यात मी महिनाभर ये-जा केली. दरवेळी घरी येताना पदरात दोन-चार असायचेच. हसून सांगते खरी, पण सांगताना मान खाली जाते. मला लिहिता येत नाही, नात लिहून घेतेय.

आम्ही सगळे तोंडाच्या, गळ्याच्या गाठीवाले. डॉक्टर मॅडम एक नवीन औषध तपासत होत्या. ते सुईतून अंगात सोडायचं, तासभर थांबायचं, मग मशीनमध्ये झोपायचं. जिथं आजार, तिथं फोटोत चमक! एकदा जुन्या औषधाचा फोटो, एकदा नव्याचा. कुठलं खरं दाखवतं ते ताडून बघायचं.

मी विचारलं, "यात माझा फायदा काय?"

"कदाचित काहीच नाही, आजी. तुमच्यानंतर येणाऱ्यांचा होईल."

इतकं खरं बोलणारा डॉक्टर पहिल्यांदाच पाहिला! लगेच अंगठा दिला.

* * *

पण मी कुठं खरं बोलले? "तंबाखू?" विचारलं, तर म्हटलं, "छे!" सून शेजारीच बसलेली.

मॅडमनी बॅटरी मारली. हिरड्या काळ्याभोर. "मग हे काय?"

"मिश्री."

"ती कशाची करतात?"

सून फरशीकडे बघायला लागली. "तव्यावर भाजलेल्या तंबाखूची," मी म्हटलं, "पण मी थुंकते ना!"

* * *

तपासणीला उपाशी यायचं होतं. गेले उपाशी, पण बाथरूममध्ये जाऊन मिश्री लावलीच. सिस्टरनं काळं बोट पकडलं.

"आजी, तोंडात काही घालायचं नाही म्हटलं होतं!"

"अगं, एकादशीलाही चालते ही!"

माझा नंबर आठवडाभर पुढं गेला. सुनेची रजा वाया. 

* * *

धुळ्याच्या शेठाणी माझ्या उलट. उपाशी म्हटल्यावर त्यांनी पाणीसुद्धा सोडलं. सिस्टर ग्लास घेऊन मागं मागं, "मावशी, पाणी प्यावंच लागतं!" शेठाणी हात जोडून, "माझा उपास मोडू नका!" शेवटी सिस्टरनं त्यांच्या शेठना फोन लावला.

शेठ म्हणाले, "लग्नापासून माझं ऐकलं नाही, तुमचं कशाला ऐकतील?"

* * *

आता नानांचं. नाना शिंदखेड्याचे, बाजारात कांद्याचा लिलाव पुकारणारे. मला अक्का म्हणायचे. गाठ आवाजाच्या पेटीत, एका बाजूला. दुसऱ्या बाजूलाही निघाली तर पेटी काढायची, म्हणजे आवाज गेला. एकाच बाजूला असली तर नुसत्या शेकानं, म्हणजे रेडिएशननं, भागणार होतं.

सुईनंतर तासभर बोलायचं नाही, असं मॅडमनी बजावलेलं. बोललं की गळा काम करतो, औषध तिकडं धावतं आणि आजार नसला तरी चमकतं.

आमच्या खुर्च्यांमध्ये एक पडदा. पंधरा मिनिटं गप्प बसले. मग राहवेना. हळूच म्हटलं, "नाना, लिलाव कसा पुकारता हो?"

नाना आधी खाकरले, मग सुरूच झाले! "बोला शेठ, बोला! माल कोरडा शे, बोला!" पडद्याआड मी तोंडात पदर कोंबून हसतेय.

फोटोत दोन्ही बाजू चमकल्या.

मॅडमनी विचारलं, "नाना, सुईनंतर बोललात का?" नानांनी माझ्याकडं पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. मी समोरच होते. जिभेला हाड नसलेली मी, तेवढ्या वेळी गप्प राहिले! बाहेर नानांची बायको भिंतीला टेकून रडत होती. तिच्यासमोरून मी चहा प्यायला गेले.

* * *

 तिसऱ्या दिवशी एकटीच मॅडमकडं गेले. "त्यांना मी बोलतं केलं. पेटी काढू नका."

मॅडमनी नानांचे कागद पुढं ओढले. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "पुन्हा फोटो काढू," एवढंच म्हणाल्या.

* * *

नानांच्या दुसऱ्या फोटोच्या दिवशी माझं काही काम नव्हतं, तरी गेले. नानांना वेगळ्या खोलीत बसवलेलं. मी दाराआड उभी राहिले.

तपासणी झाली, फोटो आले. मॅडम हसत आत गेल्या. "नाना, एकच बाजू आहे. पेटी राहील. आता बोला हवं तेवढं!"

आतून काहीच आवाज नाही. बायको म्हणते, "अहो, बोला ना!" तरी नाही.

मग नानांचा घोगरा आवाज आला, "पहिले सांगा, ती अक्का गई का? मंग बोलसू."

मी चपला हातात घेतल्या.