चिऊनं कापलेलं पुस्तक

डोक्यावर बर्फ आणि तोंडात साखर, ही त्या माणसाची पोटापाण्याची विद्या. बड्या घराण्यातला राजदूत. दोन देश एकमेकांच्या उरावर बसायला निघाले की याला मध्ये बसवायचे. उभ्या जन्मात आवाज चढवला नाही, कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हटलं नाही, आणि मनापासून ‘हो’ म्हटल्याचंही कुणी ऐकलं नाही.

जीव होता तो दुर्मीळ पुस्तकांवर. बदली झाली की कपबश्या मागे राहायच्या, बायकोच्या कुंड्या मागे राहायच्या, पुस्तकांचे खोके मात्र रजयांत गुंडाळून सोबत. त्यातही खरी हौस न कापलेल्या पुस्तकांची. जुन्या काळी छापखान्यातून पुस्तक यायचं ते पानांच्या कडा जोडलेलं. घेणाऱ्यानं सुरीनं कापायच्या आणि मग वाचायचं. ज्याला कधीच सुरी लागली नाही, ते अनमोल. म्हणजे बघा, पुस्तक जितकं न वाचलेलं तितका त्याचा मान मोठा! हौसेला मोल नसतं म्हणतात. अक्कलही नसते, हे कुणी सांगत नाही.

बायको लवकर गेली. मागे राहिली एकुलती एक चिऊ, नुकती अक्षरं जुळवायला लागलेली. बाबा दौऱ्यावर असताना ती त्यांच्या खोलीत शिरली, आणि बघते तर काय, पुस्तकाची पानं चिकटलेली! बिचारे बाबा वाचणार कसे? पोरीनं फळं कापायची सुरी आणली आणि जीभ बाहेर काढून एकेक पान सोडवलं. कडांच्या पार चिंध्या झाल्या. बाबा आले तसं तिनं दारातच पुस्तक पुढे केलं, “बाबा, आता उघडतं!”

ओरडले असते तर बरं झालं असतं हो. परक्या दूताला वाटेला लावावं तशा गोड आवाजात ते म्हणाले, “या खोलीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही.” महिना सरायच्या आत पोर वसतिगृहात.

चिऊ शिकली, मास्तरीण झाली, केस पिकले. सुट्टीत यायची, चहा घ्यायची, जायची. त्या पुस्तकाचा विषय दोघांनी काढला नाही. बाबांनी एकदा म्हणावं, ‘जाऊ दे पोरी, झालं गेलं,’ एवढ्यासाठी ती जन्मभर कान देऊन बसली होती.

म्हातारपणी बाबांची दृष्टी गेली. चिऊ नोकरी सोडून सोबतीला आली. एका दुपारी ते म्हणाले, “काही वाचून दाखवतेस?”

“मला तुमच्या खोलीत यायला मनाई आहे ना?” तिच्या तोंडून निघून गेलंच.

बाबा उठले. भिंत चाचपत आत गेले, पलंगाशेजारच्या खणातून एक पुस्तक आणून त्यांनी तिच्या हातात दिलं. फाटक्या कडा तिनं बोटांनीच ओळखल्या. पण आता कोपरे मऊ पडले होते, पाठ निखळली होती, पानं हाताळून हाताळून मळली होती.

ती वाचू लागली. दुसऱ्या ओळीपासून बाबाच तिच्या आधी बोलू लागले. एक शब्द चुकेना.

“पाठ आहे तुम्हाला?”

“घरात उघडं असं हेच तर होतं. प्रत्येक बदलीच्या गावी हेच वाचायचो.”

चिऊला रडू फुटलं. “मग इतकी वर्षं मूग गिळून का बसलात?”

“आमच्या कामात वरून हुकूम आल्याशिवाय माफी मागता येत नाही, पोरी. तुझी आई असती तर तिनं सोडला असता हुकूम.” ते हसायला गेले, पण हसू काही जमलं नाही. “मी वाट बघत बसलो. मूर्ख मी.”

मग रोज दुपारी हेच. ती ओळ अर्ध्यात सोडायची, ते पुरी करायचे. “दुसरं एखादं कापू का?” ती विचारायची. “आधी हे संपू दे,” ते म्हणायचे.

थोडीच पानं उरली होती. त्या दुपारी तिनं नेहमीसारखी ओळ अर्ध्यात सोडली. खुर्चीतून उत्तर आलं नाही. तिनं तीच अर्धी ओळ पुन्हा वाचली, मोठ्यानं. मग उरलेली स्वतःच वाचली, आणि पुढचं पानही, आणि त्याच्या पुढचंही. कारण थांबली असती तर बाबा गेले असं म्हणावं लागलं असतं.